कात्रीतली बाई: रोजच्या वस्तूचं रूपांतर कसं करावं

माझी आई शिवणकाम करायची. तिची कात्री आता माझ्या टेबलावर असते. काळी, वजनदार, वीतभराहून थोडी लांब. अंगठा जिच्यात घालतात त्या कडीला आईनं कापडाची पट्टी गुंडाळली होती, कारण दिवसभर कापड कापून अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडायचा. ती पट्टी अजून तशीच आहे. हात लागून लागून गुळगुळीत झालीय, मूळचा रंग कुठला ते आता सांगता येत नाही. गेली वीस वर्षं मी चित्रकलेच्या वर्गात वस्तूंच्या रूपांतराचा सराव घेते, आणि तो मी स्वतः या कात्रीवर शिकले. म्हणून इथेही तिच्याच आधारानं सांगते.

सराव असा: रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची, आणि कागदावर तिचं हळूहळू दुसरं काहीतरी होऊ द्यायचं. कात्रीची बाई, कुलपाची गोगलगाय, पकडीचं झाड. लहान मुलांना जमतो, साठीच्या माणसांनाही जमतो. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यांना तर कधीकधी जास्त चांगला जमतो, कारण त्यांच्या हाताला ठरावीक वळणं पडलेली नसतात.

एक नियम मात्र आधीच सांगून टाकते, कारण नव्वद टक्के चित्रं तिथेच बिघडतात. डोळे चिकटवायचे नाहीत. किटलीला दोन डोळे, दोन पाय आणि हसरं तोंड काढलं की किटलीचं रूपांतर झालं, असं नाही. ती किटलीच राहते, फक्त नटवलेली. मी विद्यार्थिनी असताना छत्रीला पाय आणि मिशा काढून परीक्षेला दिल्या होत्या. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "मिशा काढून टाकल्या तर खाली काय उरतं?" खाली छत्री उरत होती, आणि तीही मी नीट काढलेली नव्हती. पुष्कळ दिवस तो प्रश्न मनातून गेला नाही. आजही कुणाचं चित्र पाहताना मी हाच प्रश्न मनात धरते.

वस्तू कुठली घ्यावी

हातात मावेल अशी. तिला एखादं भोक असावं, एखादा हलणारा सांधा असावा, आणि तिच्या दोन बाजू अगदी एकसारख्या नसाव्यात. कात्री, पक्कड, कुलूप, कपड्यांचा चिमटा, सेफ्टी पिन, चष्मा, पाना, बूट, नळाची तोटी, छत्री या सगळ्या उत्तम. चेंडू, काचेचा पेला, पुस्तक सुरुवातीला टाळा. त्यांचा आकार इतका साधा असतो की त्यांचं काहीही होऊ शकतं, आणि ज्याचं काहीही होऊ शकतं त्यातून हाताला धरायला काही मिळत नाही. मोबाइलही नको. खेळणी आणि शोभेच्या वस्तूही नकोत, कारण त्यांना कुणीतरी आधीच रूप देऊन ठेवलेलं असतं.

नव्यापेक्षा वापरलेली वस्तू घ्या. बुटाची टाच एका बाजूनं झिजलेली असते, कुलपाच्या किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे असतात, कात्रीच्या कडीला पट्टी असते. कारखान्यातून सगळ्या कात्र्या सारख्या निघतात, पण वापरानं प्रत्येकीचं वेगळं काहीतरी होतं. रूपांतराचं बी बहुतेक वेळा त्या वेगळेपणातच सापडतं.

वस्तू तिच्या कामाच्या जागेवरून उचला. कात्री कापडाशेजारी ठेवून पाहाल तर ती कापड कापणारी कात्रीच दिसत राहील. मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये तो इंग्रजीत छापून आला. एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी देतात आणि मेणबत्ती भिंतीवर नीट उभी करायला सांगतात. उपाय असा की डबी रिकामी करून भिंतीला टोचायची आणि तिचीच फळी करायची. डबीत टाचण्या भरलेल्या असल्या की पुष्कळांना ते सुचत नाही. डबी रिकामी ठेवली की जास्त जणांना सुचतं. डबी तीच. भरलेली असली की ती 'टाचण्यांची' असते, म्हणून दुसरं काही होत नाही. आपल्या सरावातही तेच करायचं. पांढऱ्या कोऱ्या कागदावर वस्तू एकटी ठेवायची, आजूबाजूला काही नाही.

आधी ती वस्तूच काढा, तीनदा

घाई करणाऱ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

साहित्य थोडं लागतं: साधे कागद, एक एचबी आणि एक ४बी पेन्सिल, काळी शाई किंवा ब्रशपेन. खोडरबर बाजूला ठेवा. रेष चुकली तर चुकू द्या, तिच्या शेजारी दुसरी काढा. दोन्ही राहू देत. नंतर कधीकधी ती चुकलेली रेषच उपयोगी पडते.

पहिलं चित्र कागदाकडे न पाहता. पाच मिनिटं नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं फिरवायची आणि त्याच वेगानं पेन्सिल कागदावर चालवायची. पेन्सिल उचलायची नाही. जे उमटेल ते वेडंवाकडं असेल, पण ते नजरेनं काढलेलं असेल. आपल्या डोक्यात प्रत्येक वस्तूचं एक ठोकळ चित्र असतं, कात्री म्हणजे दोन गोल आणि एक फुली. कागदाकडे बघत काढलं की हात तेच ठोकळ चित्र उतरवतो.

दुसरं चित्र फक्त रिकाम्या जागांचं. वस्तू काढायचीच नाही. कडीच्या आतलं भोक काढा, दोन पात्यांमधला त्रिकोण काढा, मुठीच्या मधली फट काढा. या पोकळ्या बरोबर जमल्या की वस्तू आपोआप उभी राहते. हे दुसरं चित्र जपून ठेवा, पुढे याचीच गरज पडणार आहे.

तिसरं नेहमीसारखं, पण निवांत, अर्धा तास तरी. आता वस्तूला प्रश्न विचारायचे. कुठे जाड, कुठे पातळ? काय कुणावर टेकलंय? उजेड कुठे थांबतो? मी आईची कात्री अशी काढली तेव्हा मला चार गोष्टी कळल्या, ज्या ती रोज वापरूनही माहीत नव्हत्या. एक, दोन कड्या सारख्या नाहीत: अंगठ्याची लहान आणि गोल, बोटांची लांबट. दोन, पाती सरळ नाहीत. कात्री मिटून कडेनं उजेडासमोर धरली तर दोन्ही पाती जोडणारा खिळा आणि टोक यांच्यामध्ये बारीक फट दिसते. पाती किंचित बाक दिलेली असतात, म्हणून कापताना ती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू पुढे पुढे सरकत जातो. तीन, कड्यांच्या आतल्या बाजूला दोन छोट्या गुठळ्या आहेत; कात्री मिटली की त्या एकमेकींवर टेकतात आणि पाती जास्त पुढे जात नाहीत. चार, धारेच्या कडेनं एक अरुंद घासलेली पट्टी आहे आणि तीच तेवढी चकाकते.

माझ्या वर्गात एक गृहस्थ यायचे. तीस वर्षं हातात पक्कड धरून काम केलेले. त्यांनी पहिल्या दिवशी पक्कड काढली ती सगळ्या जबड्याला सारखे दात असलेली, मगरीसारखी. मी म्हटलं, "काका, हातात आहे तीच काढा." त्यांनी पुन्हा पाहिलं. टोकाला चपटा भाग आणि त्यावर बारीक रेघा, त्यामागे लंबगोल पोकळी आणि तिला मोठे दात, आणि सांध्याजवळ तार तोडायची धार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे भोक मी कधी बघितलंच नव्हतं. पाइप धरायला रोज वापरतो." त्यांची पक्कड पुढे झाड झाली: जबडा वर, वरून मोडलेला बुंधा, मुठी खाली, बाहेर वळून पुन्हा आत आलेली मुळं, आणि ती लंबगोल पोकळी म्हणजे बुंध्यातली ढोली. त्या झाडात एकही गोष्ट वरून आणलेली नव्हती.

फिरवा, आणि दिवा लावा

आता वस्तू उलटी करा, आडवी करा, उघडा, मिटा. प्रत्येक वेळी फक्त बाह्यरेषा काढून आत काळी शाई भरा. तपशील नको, निव्वळ काळा ठसा. अशा आठ छायाकृती करा. मग तो कागद चारी बाजूंनी फिरवून पाहा. आठाचे बत्तीस आकार होतात.

छायाकृतीसाठी सगळ्यात सोपी युक्ती सावलीची. खोलीत अंधार करा, फोनचा टॉर्च लावून वस्तू कागदावर उभी करा. उभी राहत नसेल तर खाली मळलेल्या मातीचा गोळा लावा. ट्यूबलाइटखाली हे जमत नाही, कारण प्रकाश लांबलचक नळीच्या सगळ्या भागांतून येतो आणि सावलीच्या कडा विरघळतात. टॉर्चचा प्रकाश जवळजवळ एका बिंदूतून येतो, म्हणून कडा चाकूनं कापल्यासारखी स्पष्ट. उजव्या हातानं काढत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली आड येईल. दिवा खाली आणला की सावली लांबते, वर नेला की आखडते. एकाच चष्म्याच्या सावलीतून मी मुलांना सायकल, कोळी आणि पूल काढताना पाहिलंय, दिवा फक्त वीतभर हलवून.

सावली गिरवताना तिला नाव द्यायची घाई करू नका. सगळ्या झाल्या की भिंतीवर लावा, चार पावलं मागे जा आणि डोळे किंचित मिटून बघा. लिओनार्दो दा विंचीनं चित्रकारांना डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसायला सांगितलं होतं. त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसतात असं तो म्हणायचा. आपली नजर अर्धवट आकार पुरा करण्यात मुळातच तरबेज असते. तिला थोडा वेळ मिळायला हवा, एवढंच.

वीस नावं

बाजूला कागद घ्या आणि वस्तू काय काय होऊ शकते त्याची वीस नावं लिहा. दहा नाही, वीस. कात्री दिली की पहिली पाच नावं जवळपास सगळ्यांची सारखीच येतात: पक्षी, मगर, ससा, चष्मा, खेकडा. ती लिहून टाका, म्हणजे डोक्यातून जातील. सहा ते बारा ओढूनताणून येतात, लिहिताना स्वतःलाच पटत नाहीत. तिथे सोडू नका. तेराव्या-चौदाव्यानंतर माणूस पुन्हा वस्तूकडे बघायला लागतो, कारण डोक्यातला साठा संपलेला असतो, आणि तेव्हा खरी नावं येतात.

माझ्या यादीत सतरावं नाव होतं: 'कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई'. ते मला रिकाम्या जागांच्या चित्रानं दिलं. कात्रीची टोकं खाली, पाती दोन बोटं उघडी. खिळा म्हणजे कंबर. दोन कड्या म्हणजे कमरेवर ठेवलेले दोन हात, आणि कड्यांमधली भोकं म्हणजे हात आणि अंग यांच्यामधली मोकळी जागा, तंतोतंत. कड्या सारख्या नाहीत, म्हणून एक कोपर वर ओढलेलं आणि दुसरं सैल. म्हणजे एक खांदा उतरलेला, भार एका पायावर. दिवसभर उभं राहून थकलेलं माणूस असंच उभं राहतं. हे मी ठरवून काढूच शकले नसते. कात्रीच्या दोन कड्यांमधल्या फरकानं तो थकवा आणला.

प्रश्न राहिला डोक्याचा. कात्रीला डोकं नाही. वरून एक गोल आणून बसवला असता तर ते डोळे चिकटवण्यासारखंच झालं असतं. दोन दिवस अडले. मग त्या गुठळ्या आठवल्या. बाई पाठमोरी केली आणि मान खाली घातलेली, टेबलावरच्या कापडाकडे बघणारी. त्या दोन गुठळ्या एकत्र येऊन तिचा खांद्यांमध्ये बुडालेला आंबाडा झाला. तुमची वस्तूही कुठेतरी अशी अडेल. तेव्हा कल्पना बदलू नका, वस्तू पुन्हा हातात घ्या. हवा असलेला भाग बहुधा तिच्यात असतो, पण दुसऱ्या नावानं.

सहा चौकटी

आता मुख्य काम. ए३ कागद आडवा घ्या आणि एका रांगेत सहा चौकटी आखा, प्रत्येक ६ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच, मध्ये अर्ध्या सेंटीमीटरची जागा. पहिल्या चौकटीत वस्तू, सहाव्यात तिचं नवं रूप, आणि मधल्या चारांत प्रवास.

क्रमानं एक, दोन, तीन असं काढत जाऊ नका. तसं केलं की चौथ्यापर्यंत काहीच बदलत नाही आणि पाचव्यात एकदम उडी पडते. आधी पहिली काढा, मग सहावी, मग तिसरी, चौथी, आणि शेवटी दुसरी आणि पाचवी.

पहिली आणि सहावी झाली की दोन्हींत जोडीचे बिंदू ठरवा आणि पेन्सिलीनं बारीक आकडे घाला. माझे सात होते: खिळा आणि कंबर हा १, दोन कड्यांचे बाहेरचे फुगवटे आणि दोन कोपरं हे २ आणि ३, गुठळ्या आणि आंबाडा ४ आणि ५, टोकं आणि पावलं ६ आणि ७. मग पारदर्शक ट्रेसिंग कागदावर दोन्ही चित्रं एकमेकांवर गिरवा. ट्रेसिंग कागद नसेल तर दिवसा खिडकीच्या काचेवर धरूनही जमतं. प्रत्येक जोडीतल्या दोन बिंदूंच्या मधली जागा म्हणजे तिसऱ्या-चौथ्या चौकटीतला बिंदू. तिसरीत तो वस्तूकडे झुकलेला ठेवा, चौथीत नव्या रूपाकडे.

प्रत्येक चौकटीत एकाच प्रकारचा बदल करा. दुसरीत फक्त ताठपणा जातो: सरळ रेषांना किंचित बाक येतो, पण बघणारा अजूनही कात्रीच म्हणतो. तिसरीत सांधा विरतो. खिळ्याचं गोल डोकं पुसट होतं आणि दोन पाती वेगळी न राहता एकाच कमरेतून खाली येतात. चौथीत वजन येतं. कात्रीला वजन सगळीकडे सारखं असतं, बाईला नसतं. एक पाय ताठ, दुसरा सैल. पाचवीत पोत बदलतो: लोखंडाची चकाकी कापडाच्या मऊ छटेत जाते. सहावीत बाई आहे, पण कात्रीची सवय तिच्यातून गेलेली नाही.

ही शेवटची ओळ महत्त्वाची. सहाव्या चौकटीत मूळ वस्तूच्या किमान तीन खुणा राहिल्या पाहिजेत. माझ्यात कडीवरची पट्टी राहिली, उजव्या बाहीला लावलेलं ठिगळ होऊन. धारेची चकाकणारी पट्टी राहिली, कपड्याचा काठ होऊन. आणि हात-अंगामधली ती दोन भोकं राहिली, एक गोल, एक लांबट. खुणा नसतील तर पहिल्या चौकटीत कात्री होती की कुलूप, यानं काही फरकच पडत नाही, आणि मग एवढं पाहिलं कशासाठी?

उजेडाची दिशा सहाही चौकटींत एकच ठेवा. हे विसरलं की मधेच चित्र तुटतं आणि का तुटलं ते लक्षात येत नाही.

चित्र जमलं का, ते तपासायची माझी एक रीत आहे. बाकीच्या चौकटी कागदानं झाका आणि फक्त तिसरी आणि चौथी अशा माणसाला दाखवा ज्यानं चित्र पाहिलेलं नाही. विचारा, "हे काय आहे?" दोन्हींना एकच नाव मिळालं तर बदल चुकीच्या जागी झालाय. तिसरीला "कात्री... नाही, थांबा" आणि चौथीला "बाई आहे, पण काहीतरी..." असं उत्तर आलं, म्हणजे बरोबर.

कागद सोडून, खऱ्या वस्तूंशी

हे जमलं की खऱ्या वस्तू घेऊन बसावं. पाब्लो पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं केलं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. त्यात डोळे नाहीत. मी मुलांना हे मुद्दाम दाखवते. दुसरं तितकंच मोठं काम म्हणजे त्याचं १९५१ चं 'वानरी आणि तिचं पिल्लू' हे शिल्प. वानरीच्या चेहऱ्याला दोन खेळण्यातल्या मोटारी आहेत, एकीच्या पोटाला दुसरीचं पोट लावून. पुढची काच म्हणजे डोळे. दोन्ही कामांत मूळ वस्तू लपवलेली नाही. बघताना सीटही दिसते आणि बैलही दिसतो, आणि नजर दोन्हींमध्ये हेलकावे खात राहते. माझ्या मते रूपांतराचा सगळा आनंद त्या हेलकाव्यात आहे.

घरी करायचं तर दहा वस्तू जमिनीवर मांडा. अर्धा तास गोंद हातात घ्यायचा नाही. दोन-दोन वस्तू एकमेकींना लावून बघायच्या, प्रत्येक जोडीचा फोटो काढायचा, मोडायची, दुसरी जोडी लावायची. गोंद लावला की पहिलीच कल्पना पक्की होऊन बसते. जोडायचंच तर दोऱ्यानं किंवा तारेनं बांधा, म्हणजे सोडता येतं. ज्या वस्तू कुणाच्या वापरातल्या आहेत त्या विचारल्याशिवाय घेऊ नका. बल्ब आणि जुन्या बॅटऱ्या फोडू नका.

आकाराला हात न लावताही रूपांतर होतं, फक्त पोत बदलून. मेरेट ओपेनहाइम या चित्रकर्तीनं १९३६ मध्ये कप, बशी आणि चमचा केसाळ कातड्यानं मढवले. कप तसाच राहिला, पण तो ओठांना लावायची कल्पना करताच अंगावर काटा येतो. मॅन रे या कलावंतानं १९२१ मध्ये इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची रांग चिकटवली आणि कपडा नीट करणारी वस्तू कपडा फाडणारी झाली. तुम्ही फक्त चित्रात करून बघा: लोकरीची पक्कड, काचेचा हातोडा, दगडी उशी. वस्तू निवडताना एकच विचारा, हिच्या कामाला कुठला पोत सगळ्यात जास्त आड येईल?

माप बदलणं त्याहून सोपं. शिल्पकार क्लास ओल्डनबर्गनं १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कपड्यांचा चिमटा ४५ फूट उंच उभा केला. त्या उंचीवर चिमट्याचे दोन भाग एकमेकांना बिलगलेली दोन माणसं वाटू लागतात. घरी करायचं तर चिमट्याच्या पायाशी पेन्सिलीनं मुंगीएवढी माणसं काढा. बाकी काही करायला लागत नाही.

आणि एकाच वस्तूची संख्या वाढवणं. नेकचंद यांनी चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये फुटलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांतून माणसांच्या आकृती घडवल्या. एक तुकडा हा तुकडाच दिसतो, शेकडो एकत्र आले की वस्त्र दिसतं. लहान मुलांना हा प्रकार सगळ्यात आवडतो. त्यांना एक किल्ली द्या आणि तिचे पन्नास ठसे शाईनं उठवायला सांगा. मासळीचे खवले, पानं, पिसं, काय हवं ते होईल.

मुलांबरोबर हा सराव करत असाल तर एक विनंती. "छान, पक्षी झाला!" असं आधीच म्हणू नका. मूल काढत असताना आपण नाव दिलं की ते आपल्या नावाकडे ओढलं जातं. नऊ वर्षांच्या एका मुलीनं कंगवा काढला होता. मला पाऊस दिसत होता, मी बोलले नाही. तिनं शेवटी मधले दोन दात मोडके काढले आणि म्हणाली, हा जिना आहे, दोन पायऱ्या पडल्यात, म्हणून वरच्या मजल्यावर आता कुणी राहत नाही. तिच्या हातातल्या कंगव्याचे दोन दात खरंच मोडलेले होते.

चित्र झालं की मागे तारीख आणि वस्तूचं नाव लिहा, आणि वस्तू पुन्हा कामाला लावा. मी कात्री कपाटात जपून ठेवत नाही. खिळ्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकते, दोनदा उघडमीट करते, जुन्या फडक्यानं पुसते, आणि रोजचे कागद-कापड तिनंच कापते. पट्टी मात्र सोडून बदललेली नाही. पुढच्या आठवड्यासाठी एक छत्री काढून ठेवलीय. तिची एक काडी मोडलेली आहे आणि त्या बाजूचं कापड आत झुकलंय. सुरुवात तिथूनच करीन.